गटेचीं संभाषणें

एकरमन १८२३ च्या जूनांत वायमार येथें गटेस भेटला व पुढें १८३२ पर्यंत त्या वृद्ध कवीच्या पंक्तीस बसून त्याचे बोल टिपीत राहिला. नाटकें, चित्रें, धनुष्याचें लांकूड. विषयाला बंधन नाहीं. तिसरा भाग १८४८ सालीं निघाला. त्यांतील पुष्कळसे संवाद सोरे याच्या टांचणांवरून रचलेले, हें तो स्वतःच कबूल करतो. तेव्हां ह्यांत गटे किती आणि एकरमन किती? बॉस्वेल जॉन्सनला डिवचतो. एकरमन बहुधा मान डोलावतो, आणि आम्हांस हा मोठाच दोष वाटतो. मात्र १८२९ च्या फेब्रुवारींत, बर्फावरील निळ्या छायेवरून, त्यानें गुरूच्या रंगसिद्धान्तावर शंका काढली. म्हातारा चिडला, शिष्याला पाखंडी म्हणून मोकळा झाला. तेवढीं पानें आम्हीं दोनदां वाचलीं.