मागच्या दारानं हवेलीत

मुंबई प्रांतात खोती रद्द करणारा कायदा 1949चा. कमाल अमरोहींचा 'महल'ही त्याच वर्षीचा. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण उत्तरेत जमीनदारी जाणार हे दिसू लागलेलं असताना 'बॉम्बे टॉकीज'नं जी हवेली पडद्यावर आणली, तिचा जुना मालक बुडून मेलेला आहे आणि ती सरकारी लिलावात विकली गेली आहे. नवा मालक आत येतो तर भिंतीवर त्याच्याच चेहऱ्याची तसबीर. विकत घेतलेल्या घरावर आपला पिढीजात हक्क आहे, असं त्याला वाटायला लागतं आणि तिथून त्याची घसरण सुरू होते.

'महल' म्हटलं की मधुबाला, झोपाळा आणि 'आयेगा आनेवाला'. जोसेफ विर्शिंगचा कॅमेरा त्या दिवाणखान्यातून असा फिरतो की उजेडाचीच भीती वाटावी. पण मला या चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग शेवटचा वाटतो. हवेलीत वावरणारं भूत माळ्याची मुलगी निघतं. कित्येकांना हा खुलासा म्हणजे रसभंग वाटतो, मला तसं वाटत नाही. माळ्याच्या मुलीला हवेलीच्या दिवाणखान्यात, झोपाळ्यावर, मालकाच्या स्वप्नात शिरायचं असेल तर तिच्याजवळ मार्ग तरी कोणता? मेलेल्या मालकिणीचं सोंग घेणं, एवढाच. आपल्याकडच्या चांगल्या हवेलीपटांचं मर्म इथं आहे. इंग्रजी परंपरेत भीती बहुधा नव्या नवरीच्या किंवा गव्हर्नेसच्या डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे ती माळी, कारकून, दासी, भाट यांच्यासोबत मागच्या दारानं आत येते. चित्रपट मालकाच्या आरामखुर्चीत बसून गोष्ट सांगू लागला की भुताचं बुजगावणं होतं.

'मधुमती' (1958) हीच चाल उलटी खेळतो. दिग्दर्शक बिमल रॉय 'महल'चे संकलक होते, पटकथा ऋत्विक घटकांची. जंगलाच्या ठेक्यावर आलेला व्यवस्थापक, डोंगरातली मुलगी आणि राजा उग्रनारायण. उग्रनारायणकडून गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी मधुमतीसारखी दिसणारी एक बाई हवेलीत उभी करायचं ठरतं, आणि तिथं पोहोचते ती खरीच मेलेली मधुमती. जिवंतपणी ती या हवेलीत आली ती बळी म्हणून. आता येते ती फिर्यादी म्हणून. पुनर्जन्माच्या गोडव्यात हा प्रसंग थोडा विरघळतो खरा, पण त्याचा काटा बोथट होत नाही.

बीरेन नाग मुळात कलादिग्दर्शक, म्हणून 'बीस साल बाद' (1962) आणि 'कोहरा' (1964) या दोन्हींत घर नटांपेक्षा चांगला अभिनय करतं. पहिल्यात ठाकूर घराण्यातल्या पुरुषांमागे लागलेलं भूत म्हणजे एका बापाचा सूड आहे. दुसरा 'रिबेका'वरून घेतलेला. तो आज पाहावा तो ललिता पवारांसाठी. त्यांची दाई-माँ चालताना आवाज करत नाही, आणि या वाड्याची खरी मालकीण कोण हे नव्या सुनेला एका नजरेत कळतं. आयुष्यभर ज्या घराची चाकरी केली त्यावर नोकराचा एक विचित्र ताबा बसतो. पडद्यावर तो इतका स्वच्छ क्वचितच दिसला असेल.

1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. पुढच्याच वर्षी रामसे बंधूंचा 'दो गज ज़मीन के नीचे' आला. त्यांच्या भीतीची जात वेगळी. 'पुराना मंदिर' (1984) मध्ये राजा हरिमान सिंहच्या घराण्याला सैतान सामरीचा शाप आहे: घरातली बाई बाळंतपणात दगावणार. म्हणजे अन्याय झालाय तो राजघराण्यावर, आणि संकट बाहेरून आलेलं. राजवाड्याचं उत्पन्न गेलं, तसा पडद्यावरचा त्याचा गुन्हाही माफ झाला! मुरूडच्या नवाबाचा राजवाडा या मंडळींच्या चांगल्याच कामी आला. समुद्रावरची ती इमारत आजही सामरीची आठवण करून देते. मजा येते, मी ती नाकारणार नाही. भीती मात्र त्या मुखवट्याची वाटते, घराची नाही.

गुलज़ारांच्या 'लेकिन' (1991)मध्ये जुन्या महालातल्या वस्तूंची मोजदाद करायला आलेला सरकारी अधिकारी नायक आहे. लता मंगेशकरांची निर्मिती, हृदयनाथांचं संगीत, राजस्थानची वाळू. फार देखणा चित्रपट. इतका, की राजाच्या कैदेत सापडलेल्या बाईचा संताप त्या देखणेपणात हरवतो.

फाज़िलच्या 'मणिचित्रताळ'ला (1993) देखणेपणाचा हा मोह पडला नाही. केरळातलं तरवाड म्हणजे पिढीजात घर, कुलूपबंद खोली, तंजावरहून आणलेली नर्तकी नागवल्ली आणि तिला मारणारा कारणवर, म्हणजे घराचा कर्ता. शोभनाचा तो शेवटचा नाच म्हणजे आधुनिक शिकलेल्या बाईच्या अंगातून बोललेली जुनी तक्रार. पुढे या चित्रपटाचे कन्नड, तमिळ, बंगाली अवतार झाले आणि 2007 साली 'भूल भुलैया' हिंदीत आला. इथपर्यंत ठीक. नंतरच्या दोन भागांत हवेली म्हणजे लग्नाला भाड्यानं घेतलेलं सभागृह झालं. झुंबरं चकचकीत, जिने रुंद, आणि घरात पिढ्यानपिढ्या कुणाच्या कष्टावर चूल पेटली याचा पत्ता नाही. भयविनोदाची सध्याची लाट मला याच कारणानं थकवते. हसवायला हरकत नाही. पण हे घर आधी कुणाला तरी घाबरून असायला हवं.

राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' (2018) या सगळ्यावरचा उतारा आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, धागा नारायण धारपांच्या गोष्टीचा, काळ 1918 ते 1947. विनायक म्हणजे वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारचा अनौरस मुलगा. आई त्या म्हाताऱ्याची सेवा करते ती एका सोन्याच्या मोहरेच्या आशेनं. मुलाला वारसा मिळतो तो कागदावर नाही. दोरानं विहिरीत उतरून, कणकेच्या बाहुल्या हस्तर या शापित देवापुढे टाकून, चोरून. आणि पुरेशी चोरी झाल्यावर तोही सरकारच होतो. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातला पाऊस इतका चिवट आहे की वाड्याची कुजकी लाकडं नाकाला जाणवतात. स्वातंत्र्य येतं तेव्हा विनायकला चिंता एकच: आता वाडा सरकारजमा होणार. 2024 साली पुन्हा प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटानं पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली, म्हणजे प्रेक्षक नव्हता ही सबब खोटी.

तो मराठीत झाला नाही याची खंत मात्र आहेच. खोत, इनामदार, देशमुख, सावकार यांच्या वाड्यांची, बळदांची, लेकावळ्यांच्या हक्काची एवढी सामग्री ज्या भाषेत आहे तिचा ठळक वाडापट कोणता, तर महेश कोठारेंचा 'पछाडलेला' (2004). तो धमाल आहे. पण इनामदाराचं भूत विनोदी केलं की इनामाबद्दल कुणी विचारत नाही.

राहुल सदासिवनचा 'ब्रमयुगम' (2024) ते विचारतो, तेही कृष्णधवल रंगात आणि तीनच माणसांवर बहुतेक भार टाकून. सतराव्या शतकातला मलबार. पाणन जातीचा गायक तेवन भुकेनं एका पडक्या मनेत, म्हणजे ब्राह्मणाच्या वाड्यात, शिरतो. मालक कोडुमण पोट्टी त्याला जेवू घालतो, मान देतो, मग फाशांच्या खेळाला बसवतो. पैसे नाहीत? मग तुझा वेळ लाव. ममूट्टी हे वाक्य असं म्हणतात की वेठबिगारीचा सगळा इतिहास एका आमंत्रणात मावतो. पुढं कळतं की हा पोट्टी खरा नाहीच; घराण्यानं गुलाम म्हणून कोंडून ठेवलेलं चात्तन नावाचं पिशाच्च मालकाला संपवून त्याच्याच रूपात बसलं आहे. गुलामानं घर घेतलं आणि घरानं त्याला मालक केलं. उत्तरार्धातली झटापट लांबते, स्पष्टीकरणंही जास्त होतात. पण मनेतून जिवंत सुटलेला स्वयंपाकी बाहेर पडतो, आणि झाडीत त्याला गाठतात ते पोर्तुगीज बंदूकधारी. त्यांना त्या फाशांची गरजच नाही.