‘सरल’ : विशेषण कीं वृक्ष ?

मेघदूत, कुमारसंभव व रघुवंश या तिन्ही काव्यांतील हिमालयवर्णनांत ‘सरल’ हा शब्द येतो, आणि मराठी वाचकाला तो सहज चकवितो. ‘सरळ’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतला. तेव्हां ‘सरलद्रुम’ म्हणजे ताठ वाढलेला कोणताही वृक्ष, अशी समजूत होते. सह्याद्रींत हें झाड आपोआप उगवत नसल्यानें ती दुरुस्त करावयास डोळ्यांचें साह्यही मिळत नाहीं. वस्तुतः सरल हें एका विशिष्ट वृक्षाचें नांव आहे. हिमालयांत ज्याला आज ‘चीड’ म्हणतात तोच हा वृक्ष.

जुन्या टीकांत सरल म्हणजे देवदार असाही अर्थ आढळतो. अमरकोशांत दोहोंचे पर्याय वेगळे दिले असले, तरी ‘पूतिकाष्ठ’ हें नांव दोन्हींकडे आहे. घोटाळ्याचें मूळ कदाचित् यांतच असेल. कालिदासाच्या मनांत मात्र घोटाळा नाहीं. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हीं दोन्ही नांवें थोड्याच श्लोकांच्या अंतरानें स्वतंत्रपणें येतात. तेथें हत्ती गंडस्थळांची खाज शमविण्यासाठीं सरलवृक्षांवर अंग घासतात. चीक पाझरतो, आणि त्याच्या सुगंधानें शिखरें दरवळतात. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत असाच एक रानहत्ती देवदाराची साल सोलतो, तेव्हां सुगंधाची गोष्टच नाहीं; असुरांच्या अस्त्रांनीं कार्तिकेय घायाळ व्हावा तसा पार्वतीला शोक होतो, कारण तो वृक्ष शंकरानें पुत्र मानिलेला. कृति तीच, पण एका झाडाला गंध मिळाला, दुसऱ्याला वात्सल्य. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच केला कीं हा भेद मावळतो.

मेघदूतांतील वणव्याचेंही तसेंच. वाऱ्यानें सरलांचे बुंधे परस्परांवर घासून आग लागली, तर ती विझव, असें यक्ष मेघाला सांगतो. येथें नुसतीं ‘सरळ झाडें’ वाचलीं, तर तो वणवा कोणत्याही रानाचा होईल. पण चिडाच्या लाकडांत राळ असते, आणि उन्हाळ्यांत त्याच्या वाळक्या सुयांचा थर जमिनीवर साचतो. उत्तराखंडांत हीं वनें आजही उन्हाळ्यांत पेटतात. आग बहुधा माणसाच्या हातून लागते. ती भडकविते मात्र ही राळ आणि हा पाचोळा. घर्षण ही कवीची कल्पना म्हणा. झाडाची निवड निरीक्षणाची आहे.

म्हणून भाषांतरकारानें ‘सरलवृक्ष’ हें नांव तसेंच राखावें आणि तळटीपेंत ‘चीड’ असें सांगावें. विशेषण गळालें तर शोभा उणावते. नांव गळालें तर वस्तूच नाहींशी होते. कालिदासाच्या उपमांचें कौतुक आपण पुष्कळ केलें. त्याच्या डोळसपणाचें अजून व्हावयाचें आहे.