रंगतक्ता आणि शेजारची पट्टी

पुंजित रंगतक्ता, म्हणजेच क्लस्टर्ड हीटमॅप, ही मांडणी आज अनेक शास्त्रांत रूढ झाली आहे. आकड्यांच्या जागी छटा भरलेले कोष्टक तूसाँ लुआ याने पॅरिसच्या विभागांविषयी १८७३ मध्येच छापले होते. सारख्या ओळींचे गट पाडणे व शेजारी प्रतिसाद-चलाची पट्टी उभी करणे ही नंतरची भर होय. या पट्टीचे वाचन मात्र बहुधा उतावळेपणाने होते.

१९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्याचा प्रत्येक दिवस ही ओळ. घाटघर, रतनवाडी व भंडारदरा येथील पाऊस हे स्तंभ. धरणातील आवक हा प्रतिसाद. गट पाडताना आवक हिशेबात धरू नये. धरल्यास गट तिच्याशी जुळणारच, आणि तो पुरावा नसून प्रतिध्वनी ठरेल. केवळ पावसावरून गट पाडले, तर जून व ऑगस्टमधील सारख्या पावसाचे दिवस एकत्र येतात. पट्टीवर मात्र त्यांच्या छटा भिन्न दिसतात: जूनचे बरेचसे पाणी तहानलेली जमीन पिते, ऑगस्टचे भिजलेल्या उतारांवरून प्रवरेत उतरते. घाईचा वाचक ही विसंगती गोंधळ म्हणून सोडून देतो. वस्तुतः शोधाचा धागा तेथेच असतो. महिन्याची दुसरी पट्टी जोडताच तो हाती येतो.

गटवृक्षाच्या प्रत्येक सांध्यावर दोन फांद्यांची अदलाबदल करता येते. चार ओळींचा एकच वृक्ष त्यामुळे आठ क्रमांनी काढता येतो. तेव्हा लगतच्या दोन ओळी निकटच्या असतीलच असे नाही. वाक्यात शेजारी आलेले शब्द तरी एकाच पदबंधाचे कोठे असतात?