साउंड चेकचा व्हिडिओ नेमकं काय तपासतो?

साउंड चेकचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. ट्रकवर रचलेली बेसची भिंत, वर टॉप, लेसर, आणि समोर थरथरणारी पाण्याची बाटली. समजा, येरवड्यात गुंजन चौकाजवळच्या एका मंडळाच्या पोरांनी गणपतीआधी असे दोन व्हिडिओ लागोपाठ पाहिले आणि वर्गणीतून सुपारी कुणाला द्यायची ते ठरवलं. आपल्या भाषेत ही तुलनात्मक चाचणीच झाली. पण तपासलं काय?

आधी ध्वनिमुद्रण बघा. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. भिंतीसमोर तो सहज फाटतो, आणि ती खरखर आपण स्पीकरच्या नावावर टाकतो. शिवाय मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो, बारीक आवाज वर ओढतो. त्यामुळे एका सिस्टिमची ताकद दुसरीच्या दुप्पट असली, तरी व्हिडिओत दोघी जवळपास सारख्या वाटू शकतात. पुढे यूट्यूब आवाज आकुंचित करतं, आणि ठरावीक पातळीच्या वर गेलेले व्हिडिओ वाजवताना खाली आणतं. म्हणजे 'कुणाचा आवाज मोठा' हा प्रश्न वाटेतच मेला.

खरी गंमत बेसची आहे. अठरा इंची बेसचं काम साधारण 40 ते 100 हर्ट्झमध्ये चालतं. मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथे जवळजवळ मुकाच असतो. तरी आपल्याला बेस 'ऐकू येतो', कारण मूळ स्वर नसला तरी त्याच्या वरच्या पटींवरून मेंदू तो भरून काढतो. आता पुढचं पाऊल टाका. जी सिस्टिम बेस फाडते, ती या पटी जास्त तयार करते. म्हणजे मोबाइलवर वाईट बेस जास्त दमदार वाटू शकतो! मोजमापात नुसती चूक असती तर चाललं असतं. इथे निकाल उलटा लागू शकतो. तुमच्या प्रस्तावात उपकरणाची त्रुटी लिहिताना ती कोणत्या दिशेला ओढते, हे म्हणूनच लिहायचं. 'काही मर्यादा आहेत' एवढ्यावर भागत नाही.

ध्वनिशास्त्रात ही अडचण जुनी आहे. कॅनडातल्या संशोधनासाठी ओळखले जाणारे फ्लॉइड टूल तिला 'गोंधळाचं वर्तुळ' म्हणतात: रेकॉर्डिंग पारखायचं स्पीकरवर आणि स्पीकर पारखायचा रेकॉर्डिंगवर. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये दाखवलं की स्पीकर डोळ्यांना दिसत असले की ऐकणाऱ्यांचे गुण बदलतात. आपल्या व्हिडिओत तर लेसर आहे, गर्दी आहे, ती बाटलीही आहे. बाटली फक्त 'काहीतरी हललं' एवढं सांगते.

मग व्हिडिओ टाकाऊ का? तसं नाही. एकच रेकॉर्डर, आपोआप दाबणं बंद, तेच अंतर, तेच मोकळं मैदान, तेच गाणं आणि शेजारी त्या गाण्याची मूळ फाइल, एवढं असेल तर दोन सिस्टिममधल्या फरकाबद्दल काहीतरी म्हणता येतं. ऐकताना दोन्ही क्लिपची पातळी जुळवा, कारण जरासा मोठा आवाजही 'चांगला' वाटतो. चित्र झाका. चांगल्या हेडफोनवर ऐका. तरीही 'किती मोठा' हे विचारू नका. निवासी भागातल्या दिवसाच्या 55 आणि रात्रीच्या 45 डेसिबलच्या मर्यादेचं उत्तर या व्हिडिओतून निघत नाही. त्यासाठी कॅलिब्रेट केलेला ध्वनिमापक घेऊन चौकातच उभं राहावं लागतं.