रीमा लागू यांचा विनोद

रीमा लागू १८ मे २०१७ रोजी मुंबईत निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे ५८ होते. त्यांच्यावर जे मृत्युलेख आले त्यांपैकी बहुतेकांत ‘रुपेरी पडद्यावरची आई’ हे बिरूद आढळले. त्या बिरुदाशी आमचे भांडण नाही. परंतु त्याच्या आड त्यांच्या कर्तृत्वाचा एक मोठा भाग झाकून गेला, आणि आमच्या मते तोच त्यांच्या अभिनयगुणांचा अधिक अस्सल आविष्कार होता. चित्रवाणीवरील त्यांच्या विनोदी भूमिका आम्हांस अभिप्रेत आहेत.

माहेरच्या त्या नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८ चा. आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरील अभिनेत्री. कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाली’ या नाटकामुळे त्या विशेष परिचित होत्या. म्हणजे सुखान्त नाटकाचा संस्कार घरातच होता. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण, नंतर युनियन बँकेतील नोकरी आणि त्या नोकरीच्या जोडीने नाटक, असा हा प्रवास आहे. बँकेचे हिशेब सांभाळून संध्याकाळी तालमीस जाणारी ही एक पिढीच होती. तिच्याविषयी कोणी तरी एकदा सविस्तर लिहावयास हवे.

रंगभूमीवर त्यांचे नाव झाले ते ऐंशीच्या दशकातील ‘पुरुष’ या नाटकाने. नाटककार जयवंत दळवी हे जन्माने गोव्यातील हडफड्याचे, हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. नाना पाटेकरांच्या गुलाबरावापुढे त्यांनी अंबिका उभी केली. अत्याचार झालेली आणि अखेरीस स्वतःच त्याचा हिशेब चुकता करणारी ही शिक्षिका रंगविताना आक्रोशाचा मोह आवरणे सोपे नसते. रीमाबाईंनी तो आवरला. समीक्षकांनी या भूमिकेचे कौतुक केले ते रास्तच होते. खंत एवढीच, की त्यानंतर याच अभिनेत्रीने हसविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या हसविण्याकडे तितक्या गंभीरपणे पाहण्याची गरज फारशी कोणास भासली नाही. विनोदी नट म्हणजे दुय्यम आणि विनोदी नटी म्हणजे तिय्यम, ही आपल्याकडील जुनीच उतरंड आहे.

चित्रपटांनी तर त्यांना अकाली प्रौढ केले. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये त्या ज्याची आई झाल्या तो सलमान खान त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. ‘वास्तव’ (१९९९) मधील संजय दत्त तर जेमतेम एका वर्षाने. वयाचे हे गणित त्यांनी प्रेक्षकांस कधी जाणवू दिले नाही, हे त्यांचे यश. पण त्या आयांच्या वाट्यास दिग्दर्शकांनी डोळ्यांतील पाण्याखेरीज फारसे काही दिले नाही.

जे चित्रपटाने दिले नाही ते चित्रवाणीने दिले. १९९४ साली सुरू झालेल्या ‘श्रीमान श्रीमती’ या मालिकेत त्या कोकिळा कुलकर्णी झाल्या. लेखन अशोक पाटोळे यांचे, निर्मिती अधिकारी बंधूंची. कथासूत्र सांगितले तर थिल्लर वाटावे: केशव कुलकर्णी शेजारच्या सिनेनटीवर भाळलेला, आणि त्या नटीचा नवरा दिलरुबा कोकिळेवर. अशा कथेला पाचकळपणाचा उतार फार जवळ असतो. मालिका त्यावरून पुष्कळदा घसरली नाही याचे श्रेय आम्ही कोकिळेस देतो. बाकीची तिघे विनोद ‘करीत’ असत. जतीन कनाकिया यांची धांदल, राकेश बेदींचा लाळघोटेपणा, अर्चना पूरणसिंग यांचा नखरा, सारे मुद्दाम फुगविलेले आणि त्या त्या जागी शोभणारेही. कोकिळा मात्र एका खऱ्या घरात राहत होती. तिला आपण विनोदी मालिकेत आहोत हे जणू कोणी सांगितलेच नव्हते! तिच्या साध्या, घरगुती गांभीर्यावर आपटून इतरांचे चाळे हास्यास्पद ठरत. गायनात तंबोऱ्याचे जे काम, तेच या मालिकेत तिचे होते. तंबोऱ्यास टाळी पडत नाही.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांस यात आणखी एक गोष्ट जाणवली असेल. हिंदी पडद्यावर मराठी स्त्री यावयाची ती बहुधा धुणेभांडी करणारी, मोडके हिंदी बोलून हशा मिळविणारी. कोकिळा कुलकर्णी भाषेचे असे विडंबन करीत नाही. ज्यांच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर दुसरी भाषा, त्यांना हे सौजन्य लहान वाटणार नाही.

त्याच वर्षी ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली. प्रथम दूरदर्शनवर आणि पुढे स्टार प्लसवर ती २००० पर्यंत चालली. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सून सुप्रिया पिळगावकर, सासरे कुलदीप पवार. नावाला कुटुंब वर्मांचे. पण त्या घरातील भांडणाची लय अस्सल मराठी फार्सची होती. सासू आणि सून यांच्या वयांत नऊ वर्षांचे अंतर, तरीही देवकी सासूच वाटते. येथे रीमाबाईंनी तंबोरा खाली ठेवून स्वतःच तान घेतली आहे. देवकीचे सारे हसू तिच्या एका श्रद्धेतून निघते: आपण कधीच चुकत नाही. ही श्रद्धा त्यांनी इतकी मनापासून धरली आहे, की टोमणा मारतानाही चेहऱ्यावर तक्रार असते ती अन्याय झालेल्या माणसाची. वाक्य टाकण्यापूर्वीचा तो अर्धा क्षण, किंचित जाड, ऊबदार आवाजातील चढ, मग सुनेच्या उत्तराने उडालेली भंबेरी आणि लगेच सावरलेला पदर. अंबिकेचा संताप ज्या संयमाने धरला होता, त्याच संयमाने देवकीचा रुसवा धरलेला आहे.

मालिकेचे दोष आम्हांस दिसत नाहीत असे नाही. ती गरजेपेक्षा लांबली. प्रसंग पुन्हा पुन्हा आले. दोन बुद्धिमान स्त्रियांना एकमेकींवाचून दुसरा विषयच असू नये आणि पुरुषांनी मध्ये बसून गंमत पाहावी, ही तिची मूळ कल्पनाच तोकडी होती. पुढच्या काळात सासू-सुनांच्या ज्या रडक्या, कारस्थानी मालिकांचा पूर आला, त्यांच्याशी तुलना करता मात्र देवकीच्या घरात एक निरोगीपणा होता: तेथे भांडणारी माणसे एकमेकींवर जीवही लावीत.

चित्रपटांतील आईच्या भूमिकांसाठी रीमाबाईंना चार वेळा फिल्मफेअरचे नामांकन मिळाले, पारितोषिक एकदाही नाही. २०१३ साली ‘तुझं माझं जमेना’ या मराठी मालिकेत त्या पुन्हा विनोदी सासू म्हणून आल्या. त्यानंतर ‘नामकरण’ या हिंदी मालिकेत दयावंती मेहता ही करारी, कठोर स्त्री त्या रंगवीत होत्या. त्या मालिकेचे चित्रण चालू असतानाच त्यांचा अंत झाला. त्या दयावंतीच्या भुवईच्या एका उचलीत कधी कधी देवकी दिसे, आणि त्या गंभीर प्रसंगातही आम्हांस हसू आवरत नसे.