जठररिक्ततेतील विलंब : एका व्याख्येची मर्यादा

स्वादुपिंडावरील शस्त्रक्रियेनंतर जठर रिकामे होण्यास लागणाऱ्या विलंबाची व्याख्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २००७ मध्ये मांडली. नाकातून घातलेली नळी किती दिवस ठेवावी लागली आणि घन आहार कधी सोसला, यांवरून तीन श्रेणी ठरल्या. तुलनेची सोय झाली, हे मान्य. परंतु येथे मोजली जाते ती नळी, जठराची हालचाल नव्हे. आणि नळी काढणे शल्यचिकित्सकाच्या सवयीवरही अवलंबून असते. लहान आतड्याचा आरंभीचा भाग काढल्याने मोटिलिन हे संप्रेरक घटते, जठराच्या आकुंचनलहरी मंदावतात. या निकषांतून त्याचा थेट बोध होत नाही. ‘घन आहार’ ही संज्ञाही संदिग्धच. अर्जुनी मोरगावसारख्या भातपट्ट्यात पेज द्रव, मोकळा भात घन. मग मऊ भातावर असलेला रुग्ण कोणत्या श्रेणीत बसवावा?