दिग्दर्शकाची सही

आरंभींची नामावळी झांकून ठेवली, तर एखादा चित्रपट कोणाच्या हातचा आहे हें ओळखतां येईल काय? चार परिच्छेद वाचून लेखक ओळखणारे आणि दोन ताना ऐकून घराणें सांगणारे रसिक आपल्यांत पुष्कळ आहेत. चित्रपटाच्या बाबतींत मात्र आपली चर्चा नटनटी आणि गाणीं यांपलीकडे क्वचितच जाते. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार व्ही. शांताराम यांच्या कांहीं चित्रपटांवरून करण्याचें योजिलें आहे.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कादंबरी एका लेखणींतून उतरते. चित्रपट अनेक हातांनीं घडतो. बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं शिकून शांतारामांनीं १९२९ सालीं कोल्हापुरांत सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ कंपनी स्थापिली. १९३३ मध्यें ती पुण्यास आली. तेथील नेपथ्य, छायालेखन, ध्वनि या सर्वांस एक वळण होतें. तेव्हां आपण जें शांतारामांचें म्हणतों तें त्यांचें, कीं ‘प्रभात’चें?

डहाणू तालुक्यांतील विवळवेढें येथें महालक्ष्मीची चैत्री यात्रा भरते. त्या मुलखांतील वारली घरांच्या भिंतींवर दिसणारी गेरूची जमीन, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, त्रिकोणांचीं माणसें आणि लग्नाचा चौक ही साऱ्या जमातीची लिपि आहे. तरी त्याच तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं काढलेलें मासेमारीचें जाळें पाहिलें, कीं हात निराळा आहे हें उमगतें. लिपि सर्वांची असते, अक्षर ज्याचें त्याचें असतें. समीक्षकानें आधीं हा भेद केला पाहिजे.

त्यासाठीं दोन कसोट्या आहेत. पहिली, त्याच कंपनींतील दुसऱ्याचें चित्र शेजारीं ठेवणें. १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल यांचा. त्यांत कॅमेरा जणूं आपलें अस्तित्व विसरतो; तुकोबा आणि जिजाई यांचा संसार आपल्या गतीनें चालतो आणि प्रेक्षक त्यांत मिसळून जातो. शांताराम प्रेक्षकाला असें मिसळूं देत नाहींत. मध्येंच थांबवून ‘इकडे पाहा’ म्हणून बजावतात. दुसरी कसोटी अशी, कीं १९४२ मध्यें ‘प्रभात’ सोडून त्यांनीं मुंबईस ‘राजकमल’ काढलें. तेव्हां जें त्यांच्याबरोबर गेलें, तें त्यांचें स्वतःचें.

काय गेलें? सर्वांत आधीं डोळा. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्यें पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा प्रेक्षकांच्या स्मरणांत कायमचा रुतला. तो दहशतीचा डोळा होता. तेवीस वर्षांनीं ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्यें तीच खूण नांवांतच येऊन बसली. पण आतां तो विश्वासाचा डोळा झाला. बेड्यांनीं जें साधलें नाहीं, तें सहा कैद्यांच्या बाबतींत जेलर आदिनाथाची नजर साधते. खूण एक, अर्थ मात्र उलट. याला पुनरुक्ति म्हणतां येणार नाहीं. ही वाढ होय.

दुसरी खूण निर्जीव वस्तूंना बोलतें करण्याची. ‘कुंकू’ (१९३७) मध्यें पार्श्वसंगीत नाहीं. प्रसंगांत जे आवाज स्वभावतःच उठतील तेवढेच ऐकूं येतात. त्या शांततेंत भिंतीवरचें घड्याळ म्हाताऱ्या वराच्या उरलेल्या दिवसांचा हिशेब करतें. ‘शेजारी’ (१९४१) मधील दोन मित्रांची मैत्री बुद्धिबळाच्या पटावर दिसते आणि त्यांचें वैर धरणाच्या भिंतीवर.

तिसरी खूण शेवटाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. ‘कुंकू’तील काकासाहेब आपला अन्याय ओळखून जीव देतात. ‘माणूस’ (१९३९) मधील मैना गणपत शिपायाचा आधार नाकारून तुरुंग पत्करते. ‘शेजारी’तील मित्र फुटत्या धरणावर एकत्र मरतात. जेलर आदिनाथ प्राण देतो. ‘पिंजरा’ (१९७२) मधील मास्तर, गांवानें पुजलेली आपली मूर्ति भंगूं नये म्हणून, स्वतःच्याच खुनाचा आरोप स्वतःवर घेतो. कथा वेगवेगळ्या, ‘पिंजरा’ तर ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावर आधारलेला. पण खरें न्यायालय प्रत्येक ठिकाणीं माणसाच्या अंतःकरणांतच भरतें, आणि दंड बहुधा मरणाचा असतो.

येथेंच सही ओळखण्याचा खरा उपयोग दिसून येतो. एकटें ‘कुंकू’ पाहणारास काकासाहेबांचें मरण उदात्त वाटतें, आणि तें आहेही. परंतु पांच चित्रपट ओळीनें पाहिल्यावर शंका येते. नीरा अखेरपर्यंत झुकत नाहीं, तिचें तेज अस्सल आहे. पण तिची सुटका होते ती वृद्ध नवऱ्याच्या सद्बुद्धीमुळें. ज्या घरांत काकासाहेबांना ती सुचली नसती, त्या घरांतल्या नीरेनें काय करावें? या प्रश्नापाशीं दिग्दर्शक थांबतो. समाजाचा गुन्हा एका व्यक्तीच्या आत्मदंडानें फिटला, असें समाधान घेऊन प्रेक्षक घरीं परततो.

सहीचा आणखी एक धोका आहे. ती दिवसेंदिवस मोठी होत जाते. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांत रंग, नृत्य आणि चमत्कृति यांचा पूर लोटतो. दिग्दर्शक पहिल्याच दृश्यांत ओळखूं येतो, पण घड्याळाच्या एका टिकटिकीनें जें सांगितलें तें तेथें सांपडत नाहीं. पत्र लहान होऊन सही तेवढी मोठी झाली.

म्हणून ओळख पटणें हें गुणाचें प्रशस्तिपत्र समजूं नये. तेथून परीक्षणास आरंभ होतो. आज जुने चित्रपट घरबसल्या पाहतां येतात. वाचकांनीं ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ लागोपाठ पाहावेत, घरांतील मुलांनाही बरोबर बसवावें आणि नामावळीकडे लक्ष देऊं नये. हात कोणाचा हें त्यांना लवकरच कळेल. मग त्या हातानें काय दिलें आणि काय द्यावयाचें टाळलें, हें त्यांनीं आपसांत बोलावें.